लेकराला निजवून पाजू नका

माझी लेक जन्मली तेव्हा रडली नाही. सिस्टरनं तिची पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठं एक बारीक आवाज निघाला. खोलीतल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मीही सोडला. सुस्कारा सोडायची घाई झाली होती, पण ते कळायला मला पुढं वर्ष-दीड वर्ष लागलं.

आम्ही धारूरचे. आमचे मालक एका शाळेत कारकून आहेत आणि मी घरी शिलाई मशीन चालवते. लेक सहा महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. शेजारणी म्हणायच्या, "धरंल की उशिरा. एकेक लेकरू आळशी असतंय." गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते संपलं की दुसरं दिलं. आमच्या घरात नवस-गंडे-दोरे चालत नाहीत, सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच सगळे देव घराबाहेर नेऊन ठेवले होते. तरी सासूबाईंनी गुपचूप एका दर्ग्यातून दोरा आणला आणि तिच्या दंडाला बांधला. मला दिसला. मी तो सोडला नाही. त्या दिवसांत काहीच सोडायची माझी हिंमत नव्हती.

दीड वर्षाची असताना तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. सकाळी सातला रांगेत लागलो, दुपारी दोनला आत गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी लेकीचे पाय वाकवून पाहिले, डोळ्यांपुढं टॉर्च फिरवला आणि म्हणाले, "जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलाय. औषधानं जाणारं हे दुखणं नाही. व्यायाम चालू ठेवा."

"कोणता व्यायाम?" मी विचारलं.

त्यांनी कागदावर 'फिजिओथेरपी' हा एक शब्द लिहिला आणि दुसऱ्या खोलीकडं बोट दाखवलं. त्या खोलीला कुलूप होतं. तिथले लोक आठवड्यातून दोनच दिवस येत होते आणि आमचा दिवस तिसरा होता. परतीच्या यष्टीत मालकांनी तो शब्द मोबाईलवर टाकला. परदेशातली लेकरं दिसली, यंत्रांना बांधलेली, शेजारी पांढऱ्या कोटातली माणसं. मालकांनी मोबाईल खिशात ठेवला.

मग लेक चार वर्षांची होईपर्यंत गोधडीवर होती. मी मशीनवर बसायची, ती शेजारी उताणी. तिला पत्र्याचं छत आणि त्याला लटकलेला पंखा एवढंच दिसायचं. ती हसायची, माझा आवाज ओळखायची, वडील आले की हात ताठ करून हुंकार द्यायची. बाकी काही नाही.

एका दुपारी दारात स्कूटी थांबली. पंचायत समितीकडून आलेल्या विशेष शिक्षिका होत्या, अपंग लेकरांच्या घरी जाऊन शिकवणाऱ्या. त्या आमच्याकडं आल्याच नव्हत्या. पलीकडच्या गल्लीतल्या एका मुक्या मुलाचं घर शोधत होत्या आणि पत्ता विचारायला थांबल्या होत्या. मी तेव्हा लेकीला भरवत होते. मॅडमनी दारातून पाहिलं, चपला काढल्या आणि न विचारता आत येऊन फरशीवर बसल्या.

"ताई, हिला रोज असंच भरवता?"

असंच म्हणजे मांडीवर उताणी घेऊन, मान मागं टाकून, दुधात कुस्करलेली भाकर वाटीनं तोंडात सोडून. ती ठसकायची. प्रत्येक जेवणाला ठसकायची, डोळे लाल व्हायचे, छाती घरघर वाजायची. महिन्या-दोन महिन्याला ताप यायचा. मला वाटायचं, दुखण्यातच ते येत असेल.

मॅडम म्हणाल्या, "निजवून भरवलं की घास पोटाऐवजी छातीत जातो. बसवा हिला. पाठीला तुमचा हात, मान सरळ, हनुवटी थोडी खाली. दूध पातळ असतं, ते पटकन चुकीच्या वाटेनं जातं. घट्ट करा. छोटा चमचा घ्या. गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. आणि जेवण झाल्यावर लगेच आडवी करू नका, अर्धा तास बसती ठेवा."

त्यांनी माझा हात धरून लेकीच्या मानेखाली ठेवला. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. सातव्या-आठव्या चमच्याला मी रडायला लागले, कारण लेक ठसकत नव्हती. एवढंच होतं ते. ना यंत्र, ना औषध.

पुढं मॅडम पंधरा दिवसांनी येत राहिल्या. त्यांनी कागदावर माप काढून दिलं आणि गल्लीतल्या सुतारानं जुन्या फळ्यांची एक कोपऱ्याची खुर्ची बनवली, दोन्ही बाजूंना टेकू, पुढं पाट, पोटापाशी पट्टा. पहिल्यांदा तिच्यात बसवून लेकीला दाराशी ठेवलं, तेव्हा ती कितीतरी वेळ हलली नाही. रस्त्यानं एक शेळी गेली, एक सायकल गेली, समोरच्या घरातली बाई धुणं वाळत घालत होती. लेक एकेकाकडं बघत होती. चार वर्षांची होऊन तिला गल्ली पहिल्यांदा दिसली होती.

मला आनंद झाला आणि मागोमाग संतापही आला. मॅडम बसायच्या ते कार्यालय बाजाराच्या वाटेवर होतं. चार वर्षं मी भाजीची पिशवी घेऊन त्याच्यासमोरून गेले होते. आत माझ्या कामाचं माणूस आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझ्या घरात त्यांच्या कामाचं लेकरू आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मॅडमना मी हे एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला कळलंय ना ताई, मग तुम्ही सांगत जा." मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय.

लेक सात वर्षांची असताना दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर लागलं. बीडला, एका मंगल कार्यालयात. तोवर मी बरीच तयार झाले होते. कोणते कागद, किती फोटो, अर्ज आधी ऑनलाइन भरावा लागतो, त्याचा नंबर लिहून ठेवावा लागतो, हे सगळं मला पाठ होतं. मी लेकीला घेऊन पायरीवर बसले होते. शेजारी एक बाई येऊन बसली. तिशीच्या आतली, काटक, हाताच्या तळव्यांना उसाच्या पाचटाचे जुने ओरखडे. खांद्यावर शालीत गुंडाळलेलं पोरगं. त्याचे पाय लाकडासारखे ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. माझ्या लेकीचे तसेच होते.

तिनं माझ्या लेकीकडं पाहिलं, मी तिच्या पोराकडं. अशा ठिकाणी ओळख करून घ्यावी लागत नाही.

"तिसऱ्यांदा आलेय मी," ती म्हणाली. "पयल्यांदा आधार इसरलं. दुसऱ्यांदा यष्टी चुकली. आता आलेय तर म्हणायलेत ऑनलाइनचा नंबर कुठंय. त्यो कसला नंबर असतोय, ताई?"

ती शिरूर कासारच्या बाजूच्या एका गावची होती. नवरा-बायको दोघं दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, दिवाळीच्या आसपास निघायचं, उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं आणि चैत्रात परतायचं. पोरगा सातव्या वर्षात होता. "बसत न्हाई, बोलत न्हाई," ती म्हणाली, "पण मला लई वळखतंय. मी कोपीत आले की मान वळवून बघतंय."

मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही आली. मला सगळं ठाऊक होतं ना. लेकीला मालकांजवळ ठेवून मी तिला समोरच्या दुकानात नेलं, अर्ज भरून घेतला, नंबर लिहून दिला. पोराचा फोटो नव्हता. शेजारच्या फोटोवाल्याकडं गेलो. पोराची मान पडत होती, तिनं मागून शालीआडून डोकं धरलं आणि मी पुढून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या टाळीला तो हसला. फोटो चांगला आला. मग मी तिला निराधार योजनेच्या महिन्याच्या पगाराचं सांगितलं, बसच्या सवलतीचं सांगितलं, कार्ड पोस्टानं येतं ते सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीला "व्हय का?" म्हणायची आणि डोळे मोठे करायची.

दुपारी ती पोराला भरवायला बसली. मांडीवर आडवं घेतलं, मान मागं टाकली आणि स्टीलच्या पेल्यातून दूध तोंडात सोडायला लागली. पोरगं ठसकलं. तिनं छाती चोळली, पुन्हा सोडलं. पुन्हा ठसकलं.

मी पाहिलं. तीन हातांवरून पाहिलं. "अगं, असं नको," हे शब्द माझ्या तोंडात आले होते. तेवढ्यात आतून माझ्या लेकीचा नंबर पुकारला. मी लेकीला उचललं आणि पळाले. आत अर्धा तास गेला. बाहेर आले तेव्हा ती बाई रांगेत उभी होती, पोरगं खांद्यावर झोपलेलं. मी तिला माझा मोबाईल नंबर दिला, तिचा घेतला, आणि मालक यष्टीची घाई करत होते म्हणून निघाले. धारूरच्या घाटात आल्यावर मला आठवलं की ते सांगायचं राहिलं. म्हटलं, फोनवर सांगू.

दसऱ्यानंतर तिचाच फोन आला. "ताई, कार्ड अजून आलं न्हाई. टोळी निघायलीय. पोराला सासूपशी ठिवू का संगं नेऊ?" सासू थकलेली होती, तिला पोरगं उचलणं होत नव्हतं. आम्ही दोघींनी त्यावर बराच वेळ घातला. शेवटी मी म्हटलं, "सोबत ने. तू असशील तर त्याला करमेल." कार्ड आलं तर सासूनं कुणाकडून वाचून घ्यावं, तेही सांगितलं. भरवण्याचं त्या दिवशीही राहिलं. मला तेव्हा आठवलंच नाही. दिवाळीची शिलाई होती, मशीनवर ब्लाऊज पडले होते, एका हातात फोन होता. कारण शोधायला बसलं की कितीही सापडतात.

थंडीत, पौष लागला असेल, सकाळी तिचा फोन आला. मागं वारा होता, कुणीतरी बैलांना हाकारत होतं.

"ताई, पोरगं गेलं."

मी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

ती सपाट आवाजात सांगत होती. चार दिवस ताप होता. छाती वाजत होती. टोळीच्या मुकादमानं गाडी दिली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. "डाक्टर म्हणले, दूध छातीत गेलंय. लई दिसापासनं जात आसंल. तिथं पाणी झालंय." ती थांबली. मग म्हणाली, "ताई, दूध छातीत बी जातंय का वं? आमाला कुणी सांगिटलंच न्हाई."

माझ्या तोंडातून निघालं, "कधी गेलं गं?" एवढंच. ती म्हणाली, "परवा." मग फोन तुटला, किंवा तिनं ठेवला.

त्या दिवशी मी लेकीला भरवू शकले नाही. मालकांनी भरवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या एकटीच्या सांगण्यानं वाचलं असतं असं कशावरून?" मॅडम आल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं. त्यांनी माझी समजूत काढली नाही. त्या म्हणाल्या, "तेवढ्यानंच गेलं असं मला म्हणता येणार नाही. आणि तेवढ्यानं राहिलं नसतं असंही म्हणता येणार नाही." हे मला पटलं. अजूनही मी यापुढं गेलेले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळ्या परतल्या. मी लेकीला मालकांजवळ ठेवलं आणि एकटी निघाले. धारूरहून बीड, बीडहून शिरूर, तिथून रिक्षानं तिचं गाव. रानं उघडी पडली होती, विहिरींवर माणसं वाकून बघत होती. तिचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं शेणानं सारवलेली ओसरी. ती ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. सासू भिंतीला टेकून बसली होती.

मला बघून ती उठली, पाणी दिलं. मग आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड घेऊन आली. पोराचं प्रमाणपत्राचं कार्ड. ते दोघं फडावर असताना पोस्टानं आलं होतं. त्यावर तो फोटो होता, टाळी ऐकून हसलेला.

"ह्याचा एवढाच फोटू हाय," ती म्हणाली. "तुमच्यामुळं निघाला." कार्ड माझ्या हातात दिलं आणि ती पुन्हा सूप घेऊन बसली.

मी येताना वाटेत ठरवून आले होते की सांगायचं. ते कार्ड हातात आल्यावर वाटलं, नको, उठावं आणि जावं. तिला काय कळणार आहे? पण मग मी तिच्या घरातून तिचे आभार घेऊन निघाले असते.

मी म्हटलं, "बाई, मला ते माहीत होतं. दूध छातीत जातं ते. माझी लेकही तशीच ठसकायची. बसवून भरवायचं असतं. बीडला तू पाजत होतीस तेव्हा मी पाहिलं होतं."

तिच्या हातातलं सूप थांबलं.

"ठसकताना बघितलं व्हतं?"

"हो."

"मंग कावून सांगिटलं न्हाई?"

"लेकीचा नंबर पुकारला. मग राहून गेलं. मग विसरले."

"इसरले," ती म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती. सूप खाली ठेवलं, ज्वारी ओसरीवर सांडली तरी तिकडं पाहिलं नाही. ती घरामागं निघून गेली. बराच वेळ गेला. सासू हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी जावा आता." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी पिशवी उचलून रस्त्याला लागले. शाळेपर्यंत आले असेन, मागून पावलं वाजली. तीच होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, डोळे सुजलेले.

"वरच्या आळीला एक लेकरू हाय," ती म्हणाली. "दोन वर्साची पोरगी. आमच्या पोरावानीच. तिची माय बी निजवूनच पाजती. चला."

ती पुढं चालत राहिली, मी मागं.

त्या घरातली आई अगदी कोवळी होती. पोरगी सडपातळ, मान लुळी, छाती वाजत होती. मी सांगायला लागले, पण त्या आईला पोरगी बसती धरणं जमेना, पोरगी ताठ व्हायची आणि मागं निसटायची. माझी ती बाई दारातच उभी होती. दोन वेळा पोरगी निसटली तशी ती आत आली, खाली बसली आणि पोरगीला मांडीवर घेतलं. कंबर वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन, एका हातानं मानेला आधार. सात वर्षं हेच केलेले हात होते. पोरगी लगेच सैल पडली.

"हनवटी खाली?" तिनं मला विचारलं. माझ्याकडं न बघता.

"हो. एवढीच. आता बारीक चमचा. वरणात कुस्करलेली भाकर दे, पातळ नको."

पोरगीनं गिळलं. तिनं थांबून दुसरा दिला. ती आई वाटी धरून बसली होती आणि मी पाहत होते. वाटी अर्धी झाली.

"एक बी ठसका न्हाई," ती म्हणाली. ते आमच्यापैकी कुणाला म्हणाली नव्हती. मग पोरगीला तिच्या आईच्या मांडीवर दिलं, कशी धरायची ते दाखवलं, आणि उठून निघून गेली. मला रिक्षापर्यंत सोडायला कुणी आलं नाही. येऊही नये असंच मला वाटत होतं.

पुढं दोन महिने तिचा फोन नाही. माझी करायची हिंमत नाही. मग एक दिवस आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "ताई, त्ये सगळं लिवलेला कागद हाय का कसला? मी तीन बायांना सांगिटलं. त्यांच्या ध्यानात राहत न्हाई. चित्र पायजेत."

कागद नव्हता. मग तो करायचं ठरलं. मॅडम होत्याच. मालकांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी चित्रं काढून दिली. मॅडमच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी मजकूर तपासून दिला आणि त्यांनी आपल्या परीनं शुद्ध केला: 'दिव्यांग बालकास आहार देतेवेळी अर्धउभ्या स्थितीत ठेवण्यात यावे.' मी फोनवर तिला वाचून दाखवलं.

"ह्ये कुणाला सांगायलेत?" तिनं विचारलं.

"बायकांना."

"मंग बायांवानी बोला की. लेकराला निजवून पाजू नका. आसं लिवा."

तसंच लिहिलं, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. खालचंही तिनं एकेक वाक्य ऐकून बदलायला लावलं. 'घास गिळल्याची खात्री करावी' याच्या जागी 'गिळलं का बघा, मगच दुसरा द्या'. साहेब जरा नाराज झाले, पण कागदावर त्यांची सही लागणार नव्हती, म्हणून सोडून दिलं. झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठा काढला.

आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये महिन्यातून एका गुरुवारी बसायचं ठरलं. पहिल्या वेळी चार बाया आल्या. एक बागायतदाराच्या घरची सून गाडीतून आली होती, मुलगा मांडीवर. ती विहाराच्या पायरीपाशीच थांबली. मॅडम बाहेर गेल्या आणि तिच्या गाडीतच तिला दाखवलं. दुसऱ्या महिन्यात ती चपला काढून आत आली आणि सतरंजीवर बसली. कुणी काही म्हटलं नाही. एक आई दिंद्रुडहून तीन तास घालवून येते, तिच्या मुलाला ऐकू येत नाही. तिला आमचं भरवणं-बिरवणं काही कामाचं नव्हतं. तिच्यासाठी आम्हाला दुसरीकडं विचारावं लागलं, तपासणी कुठं होते ते शोधावं लागलं. तिला उशीर झाला आहे, हे तिलाही कळतं, आम्हालाही. तरी ती येते.

त्या वर्षी टोळ्या निघायच्या वेळी मी आणि मॅडम शिरूरच्या बाजूला गेलो. गावाबाहेर ट्रॅक्टर उभे होते, ट्रॉल्यांवर पेट्या, भांडी, कोंबड्यांचे खुराडे, ताडपत्र्या, आणि वर बायका-लेकरं. ती ट्रॉलीला धरून खालीच उभी होती. हातात कागद. एकेकीला विचारत होती, "तुझ्या लेकरात मान न धरणारं कोण हाय? शेजारणीच्यात? भावजयीच्यात?" एकीनं लाजत हात वर केला. मग दुसरीनं. ती ट्रॉलीवर चढली आणि त्यांच्यात जाऊन बसली.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं तसा मुकादम ओरडला, "थांब बे जरा. बायांचं होऊ दे."

इंजिन बंद झालं. ती वर बसून एका लेकराची मान धरून दाखवत होती. मला खालून तिची पाठच दिसत होती. उतरली तेव्हा घामानं भिजली होती. मला म्हणाली, "फडावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या टोळ्या बी येत्यात. कागद आजून द्या." मी पिशवीतला सगळा गठ्ठा दिला. तिच्या नवऱ्यानं तो ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

त्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं झालं असतं. वरच्या आळीची पोरगी आता सात वर्षांची आहे, ती भिंतीच्या आधारानं बसते. माझी लेक तेरा वर्षांची झाली. खुर्ची तिसरी आहे, आधीच्या दोन लहान पडल्या. तिला उचलताना माझी कंबर बोलते. माझ्यामागं हिचं कोण करील, हा विचार मशीन चालवताना येतो आणि मी त्याला उत्तर देत नाही, कारण मला ते माहीत नाही.

मागच्या आठवड्यात त्या बाईचा फडावरून फोन आला. मागं कोयत्यांचा आवाज चालू होता. शेजारच्या कोपीत एका लेकराला झटके येतात, गोळ्या होत्या त्या संपल्या, गावाकडनं आणलेली चिठ्ठी आहे, काय करावं?

जुनी मी असते तर काहीतरी सांगून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "मला नीट माहीत नाही. तू फोन हातात ठेव, मी विचारून लगेच सांगते."

मॅडमना फोन लावला. त्यांनी एका डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांत सांगितलं. मी तिला परत लावला आणि हळूहळू सांगितलं: गोळी मधेच बंद पडू द्यायची नाही, चिठ्ठी घेऊन आजच्या आज जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं. झटका आला तर लेकराला एका कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. थोड्या वेळात थांबला नाही तर गाडी करून लगेच न्यायचं.

"लिहून घेतलं का?" मी विचारलं.

"लिवायला कुठं येतंय मला. थांबा, म्हणून दावते."

तिनं पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवलं. तोंडात काही घालायचं नाही, हे मधलं तिच्याकडून राहिलं. मी तिला अडवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी सगळं आलं.

"जाते मंग," ती म्हणाली, "त्या लेकराच्या बापाची उसाची गाडी भरायलीय, निघायच्या आत गाठते." आणि फोन ठेवला.